बाबल मेस्त आणि डॉक्टरांचं कोपर

बाबल मेस्तांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका मोटारीच्या पार्श्वभागाला गाल लावून उभे होते. डोळे मिटलेले, तोंड किंचित उघडं, दोन्ही हात पसरलेले. मालवणच्या हायस्कुलात मास्तर म्हणून रुजू व्हायला मी त्याच सकाळी घाटावरून उतरलो होतो आणि खांद्यावर वळकटी, हातात ट्रंक घेऊन खोली शोधत होतो. माणसाला घेरी आली असं समजून मी ट्रंक टाकून धावलो.

"काय होतंय तुम्हाला?"

त्यांनी एकच डोळा उघडला.

"माका काय जावक नाय. हिका काय झाला ता बघतंय. तुमी जरा उजेड सोडा."

मी मुकाट्यानं उजेड सोडला. माझी खोली नेमकी त्यांच्या मांगरासमोरच निघाली आणि पुढे मालवणात काढलेल्या साऱ्या वर्षांत सकाळचा चहा मी त्या मांगराकडे बघतच घेतला. मांगर म्हणजे नावालाच. चार खांब, वर कौलं, बाजूला उंडलीचं मोठं झाड, आणि त्याच्या सावलीच्या बेतानं उभी केलेली कुणाची तरी मोटार. झाडाखाली मात्र मोटार नाही हं. उंडलीची फळं टपावर पडली तर मेस्त झाडाला शिव्या देत, आणि त्या शिव्या ऐकून समोरच्या खोलीत भूमितीचं पुस्तक उघडून बसलेल्या माणसाला लाज वाटे.

मोटारीचा मेलेला रंग घासून परत जिवंत करायचा, हा त्यांचा धंदा. असला धंदा मालवणात करायचा म्हणजे खरं तर वेडेपणा. त्या काळी अख्ख्या तालुक्यात मोटारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्यातल्या निम्म्या ढकलायच्या. पण ज्या होत्या त्यांचा खारा वारा दोन पावसाळ्यांत पार पापड करून टाकी. मेस्त हे काम मुंबईच्या एका गॅरेजात शिकले होते. गॅरेजच्या मालकाला गाढव म्हणून ते परत आले. का म्हणाले याची हकिकत दर वेळी वेगळी असायची, गाढव तेवढं कायम. मोटार नसेल तेव्हा भजनी मंडळाची पेटी, कुणाचं शिसवी कपाट, देवळातली पालखी असं काहीबाही पॉलिश करत. पण ते हात नुसते चालू राहावेत म्हणून. जीव मोटारीत.

अंगानं काटकुळे, काळेसावळे, खाकी अर्धी विजार आणि खांद्यावर फडकं. टक्कल असं, की गिऱ्हाईक आधी त्याच्याकडे बघून काम टाकायचं की नाही ते ठरवी. आणि विनय म्हणाल तर औषधालाही नाही. "माझ्यासारको घासणारो मुंबईसून गोव्यापर्यंत दुसरो नाय," असं ते स्वतःच सांगत. दुसरा घासणारा मुळात नव्हताच, त्यामुळे वाद घालायलाही कुणी नव्हतं.

त्यांची खरी दौलत एका लाकडी खोक्यात होती. बिस्किटांच्या जुन्या डब्यांतून भरून ठेवलेली घासायची कंपाउंडं. मुंबईहून यायची तेव्हा त्यांच्यावर इंग्रजी नावं आणि नंबर असत. मेस्तांनी ते सगळं खरवडून काढून आपली नावं ठेवली होती. मी शेजारी राहायला आलो त्या आठवड्यात त्यांनी मला एकेक झाकण उघडून ओळख करून दिली.

"ह्यो मामलेदार. हात लावता थंयची साल काढता." डब्यात ओल्या वाळूसारखा खरबरीत लगदा होता.

"ह्यो मास्तर. ह्यो पण सोलता, पण जीव घेणा नाय. राग मानू नकात."

मी म्हटलं, नाही मानत.

"ह्यो भटजी. नुसतो हात फिरयता, आणि थोडा काय ता घेवन जाता." हे लोण्यासारखं मऊ होतं. "आणि ह्यो जावय." शेवटच्या डब्यात मेण होतं. "काम कायच करणा नाय, नुसतो चकचकता."

खोक्याच्या तळाशी एका फडक्यात काळे कागद गुंडाळून ठेवले होते. पाणी लावून घासायचे, रंग पार पत्र्यापर्यंत उतरवणारे. मी हात पुढे केला तर त्यांनी खोकाच ओढून घेतला.

"तो यम. तेका हात लावूचो नाय. गाडयेच्या जन्मात तो एकदाच येता."

आता कुठल्या गाडीला कुठला डबा, ही सगळी विद्या. गिऱ्हाईक यायचं ते घाईत. गाडी नवी दिसली पाहिजे, आणि उद्या दिसली पाहिजे. म्हणजे त्याला मामलेदारच हवा असे, फक्त नाव ठाऊक नसे. मेस्त त्याला बसवून प्रवचन देत. "रंग म्हणजे कातडी. घासलास काय कमी होता. वाढवणारो डबो अजून कोणी काढूक नाय." म्हणून आधी नुसतं पाणी आणि साबण. त्यानं नाही भागलं तर भटजी. भटजीला दाद नाही दिली तरच मास्तर. आणि कुठलाही डबा काढला तरी पहिला हात डिकीच्या खालच्या कोपऱ्यात, जिथं कुणाची नजर जात नाही तिथं. "आधी ढुंगणाक लावून बघूचा, मगे तोंडाक." इतकं मोलाचं वाक्य मला इतक्या वर्षांत वर्गात एकदाही वापरता आलं नाही, याचं आजही वाईट वाटतं.

घासायचं ते सरळ रेघेत, रोपं लावतात तसं. गोल घासलं तर उन्हात बॉनेटवर कोळ्याचं जाळं दिसतं म्हणे. आणि शेवटचा हात फक्त मऊ फडक्यानं. सगळ्यात मऊ फडकं कुठलं, तर तान्ह्या मुलाच्या धुऊन धुऊन विरलेल्या लंगोटाचं, यावर त्यांची श्रद्धा होती. त्यामुळे गावात कुणाला दिवस गेले की ती बातमी आधी मेस्तांना लागे. बारशाला ते न बोलावता जात, मुलाचं तोंड न बघता दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांकडे बघत, आणि बाळंतिणीला विचारत, "चालाक कधी लागतलो गो ह्यो?"

एकदा नव्यानं आलेले खरोखरचे मामलेदार स्वतःची गाडी घेऊन मांगरात आले. साहेब लोकांसमोर मेस्त इस्त्री केलेली मराठी बोलत. साहेबांनी छडी खोक्याकडे रोखून विचारलं, "यात काय आहे?" मेस्तांनी झाकण उघडलं आणि शांतपणे सांगितलं, "साहेब, यात आपण आहात." बरोबरचा शिपाई उंडलीच्या शेंड्याकडे बघू लागला. मी खोलीच्या खिडकीतून मागे सरलो. मग नावांची सगळी हकिकत सांगून झाली. साहेबांनी वाकून त्या लगद्याकडे पाहिलं.

"आणि माझ्या गाडीला हाच लावणार?"

"छे छे. आपली गाडी चांगली आहे, साहेब. चांगल्या गाडीला मामलेदाराची गरज नसते."

साहेब हसले. जरा उशिरा, पण हसले.

मेस्त चुकत नसत असं मात्र नाही. चुकत, आणि दणदणीत चुकत. काजूचे व्यापारी रामशेट, त्यांची हिरवी मोटार पावसाळ्यात गंजू नये म्हणून काय करावं, यावर मेस्तांनी विचार केला. होडीला पावसापूर्वी माशाचं तेल चोपडतात. होडी जन्मभर खाऱ्या पाण्यात राहून कुजत नाही, मग मोटार नुसत्या वाऱ्यात कशी कुजेल? तर्क बिनतोड होता. त्यांनी कोळीवाड्यातून तेल आणलं, मेणात कालवलं आणि मोटारीला नखशिखान्त लावलं. वर जावय फिरवल्यामुळे मालवणात तरी कुणाच्या ध्यानात आलं नाही, कारण मालवणात माशाच्या वासाकडे लक्ष देतं कोण? रामशेट त्याच गाडीतून मुलासाठी मुलगी बघायला सावंतवाडीला गेले. चहापोहे, प्रश्नोत्तरं सगळं होऊन मंडळी निरोप घ्यायला अंगणात येतात, तो उन्हानं तापलेल्या मोटारीवर वाडीतली यच्चयावत मांजरं. टपावर, बॉनेटवर, एक तर मडगार्ड चाटत बसलेलं. रामशेटना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मुलीची आजी म्हणाली, "ह्यांच्या घरात मासळेक कमी पडाचा नाय," आणि लग्न ठरलं. मेस्तांनी माफी मागायचं सोडून सोयरीक जमवल्याचं श्रेय घेतलं. "तेल असली होता म्हणान मांजरां इली. खोट्या तेलाक मांजर तोंड लावणा नाय."

पुढे एका वर्षी मुंबईहून माल येईना. भटजीचा डबा खडखडीत. मेस्त किनाऱ्यावर फेऱ्या मारू लागले आणि लाटांबरोबर येणारी म्हाकुल माशाच्या पाठीतली पांढरी हाडं गोळा करून आणू लागले. ती कुटून, वाटून, वस्त्रगाळ करून, मेणात आणि रॉकेलात मळून त्यांनी घरचा भटजी तयार केला. मुंबईच्यापेक्षा तो सरस होता, असं त्यांचं मत. वाटलं कुठं, तर घरातल्या पाट्यावर. मेस्तीणकाकी आधीच तोंडाच्या तिखट. त्या दिवशी दुपारी त्या पानावरून उठून थेट मांगरात आल्या.

"चटणी कचकचता! आज काय वाटलास माझ्या पाट्यार?"

"भटजी."

"जळो तुमचो भटजी! दात झिजले माझे!"

"बघू," म्हणून मेस्त खरंच उठून त्यांच्या तोंडात डोकावले. "बघ, कशे चकचकतत." त्या दिवशी मेस्त आमच्या खोलीवर जेवले.

पण हे सगळं सांगतो आहे ते डॉक्टरांमुळे. डॉक्टर म्हणजे आमच्या गावाचे जुने डॉक्टर. त्यांच्याकडे एक जुनी विलायती काळी मोटार होती. ती ते स्वतः चालवत आणि धामापूरपासून पार कुठल्या कुठल्या वाड्यांपर्यंत रोगी बघत हिंडत. माणूस देवासारखा, पण एक खोड होती. गाडी चालवताना उजवं कोपर खिडकीबाहेर काढून दारावर टेकवायचं. पाऊस असो, ऊन असो, कोपर बाहेर. रस्ते खडबडीत, गाडी हादरायची, आणि कोपर दारावर घासायचं. वर्षानुवर्षं घासून त्या दाराच्या वरच्या कडेला काळा रंग विरत गेला. आधी तपकिरी झाला, मग आतलं तांबडं अस्तर दिसायला लागलं. मी आलो तेव्हा ते रुपयाएवढं होतं, नंतर तळहाताएवढं झालं.

दसऱ्याच्या आधी डॉक्टर गाडी मांगरात आणत, आणि दर वर्षी तेच भांडण होई. आम्ही शेजारीपाजारी त्यासाठी आपापली कामं आवरून बसत.

"डाक्टरानू, कोपर आत घेवा! मी हंय भटजी लावतंय, आणि तुमचा कोपर थंय मामलेदारकी करता!"

"गाडी माझी, कोपर माझा. तुझा काय जाता रे?"

"रंग माझो जाता!"

डॉक्टर एकदा म्हणाले, थोडा काळा रंग लावून टाक ना तेवढ्यावर. मेस्तांनी हातातलं फडकं खाली ठेवलं. "ठिगळ लावूक मी शिंपी न्हय." मग त्या जागेवर ते फक्त बोटानं जावय फिरवत, अगदी हलकेच, पोराच्या खरचटलेल्या गुडघ्यावर फुंकर घालावी तसं, आणि तोंडानं डॉक्टरांचा उद्धार चालू असे.

दोघांचं इतकं गूळपीठ, की डॉक्टरांनी मेस्तांची भाषा दवाखान्यात नेली. रोग्याला आधी सौम्य औषध द्यावं, मग कडक, हे दोघांचंही तत्त्व. मेस्तांना धुळीनं खोकला होई. ते गेले की डॉक्टर विचारत, "भटजीन भागात काय मास्तर देव?" बाहेर बाकावर बसलेल्या रोग्यांना वाटे, डॉक्टर आता मंत्रतंत्राकडे वळले. एका म्हाताऱ्यानं तर कडू गोळी परत केली आणि सांगितलं, "माका जावय द्या."

मग डॉक्टरच आजारी पडले. मुंबईला नेलं, परत आणलं. परत आणलं म्हणजे काय ते सगळ्यांना समजलं. मेस्त त्यांना बघायला निघाले तेव्हा मलाही बरोबर घेऊन गेले. एकट्यानं जायचा त्यांना धीर होत नव्हता आणि तसं ते कबूल करणार नव्हते. डॉक्टर उशीला टेकून बसले होते. गालांची हाडं वर आलेली. मेस्तांना बघून म्हणाले, "बाबल, माका आता खयचो डबो रे?"

मी खाली बघत राहिलो. मेस्तांनी मात्र नेहमीसारखं डोकं तिरकं करून त्यांना नीट न्याहाळलं, गाडी न्याहाळावी तसं.

"तुमका आता घासूचा नाय, डाक्टरानू. आता नुसतो जावय."

डॉक्टर हसले, त्यांना ठसका लागला, ठसक्यातही हसत राहिले. त्यांचं ते शेवटचं हसणं आम्ही दोघांनी पाहिलं.

डॉक्टर गेल्यावर मोटार त्यांच्या घराच्या पडवीत तशीच उभी राहिली. पुढे त्यांची मुलगी सुमन मुंबईहून डॉक्टर होऊन आली. ती माझ्याच हाताखालून मॅट्रिक झालेली, हुशार आणि बापासारखीच हट्टी. मुंबईत राहायचं सोडून तिनं वडलांचा दवाखाना उघडला आणि त्यांचीच मोटार बाहेर काढली. दवाखान्यात माणसं येत, आत डोकावत, आणि "डाक्टर नाय?" असं तिलाच विचारून परत जात. ती तेही सोसत होती. एके दिवशी ती मांगरात आली. मी तिथंच बसलो होतो.

"मेस्तकाका, गाडी कोल्हापूराक पाठवतंय. रंग बदलूक. काळी नको."

"काळी नको? मगे काय, गाडयेक हळद लावतलंस?"

"काय पण चलात. काळी नको." मग ती माझ्याकडे वळली आणि शाळेतल्यासारखं सरळ बोलली. "सर, वळणावळणावर लोक गाडी बघून हात करतात. डाक्टर इले, डाक्टर इले. पोरं मागून धावतात. गाडी थांबते आणि आत मी असते. त्या वेळची त्यांची तोंडं एकदा बघा. मला रोज बघावी लागतात."

मेस्तांकडे उत्तर तयार होतं. त्यांना वाटलं, गाडी कळकटली आहे म्हणून पोरीचं मन विटलं. एवढ्या वर्षांचा आपला काळा रंग, त्यावर कोल्हापूरचा कुणी पिचकारीवाला दुसरा रंग फवारणार, ही कल्पनाच त्यांना सहन होईना. ते चक्क गयावया करू लागले. "माका एकदा करूक दी गो. ह्या दसऱ्याक. मगे काय ता कर."

त्या दसऱ्याला मेस्तांनी जे काम केलं तसं त्यांनी स्वतःही कधी केलं नसेल. पडवीतल्या दमटपणानं रंगावर बुरशीची साय धरली होती. आधी साबण, मग घरचा भटजी. छपरावर दोन ठिकाणी मास्तर लावावा की नाही यावर त्यांनी माझ्याशी, बायकोशी आणि उंडलीशी चर्चा केली, आणि अखेर लावला नाही. गावातल्या सगळ्या बाळांच्या लंगोटांनी त्या गाडीला हात लावला म्हणायला हरकत नाही. कोपराच्या जागेवर फक्त बोटानं मेण. काम संपलं तेव्हा उंडलीचं झाड पानापानासकट त्या दारात उतरलं होतं. मेस्त तिला गाल लावून उभे राहिले आणि म्हणाले, "नवी असताना पण अशी नसात."

सुमन आली, भोवती एकदा फिरली, गाडी घेऊन धामापूरला एका बाळंतिणीकडे गेली. मेस्त मिशीत हसत होते. जिंकलो, असं त्यांच्या तोंडावर लिहिलं होतं.

दुपारी ती परत आली ती घरी न जाता मांगरातच. गाडीतून उतरली आणि दाराला धरून उभी राहिली.

"काका, तुमी गाडी अशी केल्यात, अशी केल्यात..." तिनं दाराच्या कडेवरून हात फिरवला. "तळयाकडे एक म्हातारी बसलेली. गाडी बघून उठली, हातात परसातला तवसा, ही मोठी काकडी, घेवन धावत इली. म्हणता, डाक्टर बरे झाले? माका लोकांनी खोटाच सांगल्यानी." सुमननं डोळे पुसले नाहीत. "तिका मी सांगलंय. माझ्या तोंडान. परत एकदा."

प्रत्येक गोष्टीला उत्तर असलेला तो माणूस खाली बसला. आपण जितकं चांगलं काम केलं तितकं ते पोरीला जास्त लागलं, हे त्यांना समजलं होतं. मला त्या वेळी दोघांचीही दया आली. गाडी मांगरातच सोडून सुमन चालत घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन खिडकीशी आलो, तर मेस्त खोक्याच्या तळातून काळे कागद काढून बादलीत भिजत घालत होते. मी चहा तसाच ठेवून खाली गेलो.

"मेस्त, अहो, हे काय? यम?"

"कोल्हापूरवालो नायतरी घासतलोच. डाक्टराच्या गाडयेक परको हात कित्याक?"

आणि त्यांनी डिकीच्या खालच्या कोपऱ्यापासून सुरवात केली. तिथंसुद्धा नियम मोडला नाही. काळं पाणी ओघळत उंडलीच्या मुळाशी जाऊ लागलं. काल ज्यात झाड दिसत होतं तो रंग त्यांच्या बोटांतून चिखलासारखा गळत होता. मेस्तीणकाकी भांडायच्या तयारीनं बाहेर आल्या, क्षणभर बघत राहिल्या, आणि मग तांब्या घेऊन गाडीवर पाणी ओतायला उभ्या राहिल्या. छप्पर झालं, बॉनेट झालं, डावी बाजू झाली. सगळ्यात शेवटी ते चालकाच्या दाराशी आले. कागद ओला केला, कोपराच्या जागेवर टेकवला, आणि थांबले.

"हंय यमाक कामच नाय," ते म्हणाले. "डाक्टरान आपणच करून ठेवल्यान."

आणि मेस्त रडायला लागले. लपवणं, तोंड फिरवणं काही नाही. त्या जागेवर तळहात ठेवून मोठ्यानं रडले. मलाही आवरलं नाही. काकींचे डोळेही वाहत होते, पण हातातला तांब्या थांबला नव्हता.

"रडा काय ता," त्या म्हणाल्या, "पण हात थांबव नकात. गाडी सुकता."

मोटार फोंडाघाटातून कोल्हापूरला गेली आणि सायीच्या रंगाची होऊन परत आली. मेस्त पहिले काही दिवस तिच्याकडे बघायला तयार नव्हते. रस्त्यानं आली की पाठ फिरवत. एक दिवस सुमननं ती सरळ मांगरासमोर लावली आणि चावी खोक्यावर ठेवून पायीच निघून गेली. मेस्त बराच वेळ पेटीचा भाता पुसत बसले. मग आजूबाजूला कुणी नाही असं बघून (मी खिडकीआड होतो) मागच्या बाजूला गेले आणि डिकीच्या कोपऱ्याला गाल लावला.

"मेलो कोल्हापूरचो आसा," ते पुटपुटले, "पण हात बरो आसा मेल्याचो." आणि जावयाचा डबा उघडला.

पुढे लोक त्या सायीच्या मोटारीला हात करायला लागले. आतून कोण उतरणार हे ठाऊक असून करायला लागले. आपल्या बाजूनं मेस्तही काम करत होते. दर बारशाला जाऊन ते लंगोट मागत आणि वर सांगत, "पोराक काय झाला तर सुमीकडेच न्यायचा. बापाशीपेक्षा हात हलको आसा तिचो."

माझी बदली झाली तेव्हा मेस्तांचा निरोप घ्यायला गेलो, तर ते जागेवर नव्हते. बाजारात गेलेत, काकी म्हणाल्या. मला वाईट वाटलं. तसाच एस्टीत बसलो. बाजाराच्या वळणावर बैलगाडी आडवी आली म्हणून एस्टी थांबली, आणि खिडकीतून पाहतो तर समोर मेस्त. पार वाकले होते. खांद्यावर तेच फडकं. समोरून सायीची मोटार येत होती, स्टिअरिंगवर सुमन, आणि उजवं कोपर खिडकीबाहेर दारावर टेकलेलं, अगदी आरामात.

मेस्त भर रस्त्यात मोटारीच्या आडवे झाले. तिला ब्रेक दाबावा लागला.

"कोपर आत घे गो! रंग जाता माझो!"

सुमन हसली. कोपर काही तिनं आत घेतलं नाही. मेस्तांनी मग स्वतःच पुढे होऊन तिचा हात धरून बाजूला केला, दाराच्या कडेवरून अंगठा फिरवला, वाकून गाल टेकवला आणि डोळे मिटले. मागे बैलगाडीवाला ओरडत होता, आमचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मेस्तांनी डोळे उघडले तेव्हा त्यांची नजर माझ्या खिडकीवर आली. शेजारच्या घरात पोर जन्मल्याची बातमी सांगताना त्यांचं तोंड फुलायचं, तसंच फुललं होतं.

"मास्तरानू!" ते रस्त्याच्या मधोमध उभे राहून ओरडले, "बघा, बघा! हंय पण झिजाक लागला!"